पेट्यांचा हिशोब मोबाईलात ठेवताय? 'डब्ल्यू' आणि 'ए' या दोन अक्षरांतला फरक आधी समजून घ्या

पायथनमधून टेक्स्ट फाईल वाचायची कशी, तिच्यात भर कशी टाकायची आणि चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची, याची सोप्या भाषेत माहिती

बुरोंडी (ता. दापोली) : आंब्याचा सीझन सुरू झाला की बुरोंडी, लाडघर, कोळथरे पट्ट्यात घरोघरी एक वही निघते. आज किती पेट्या गेल्या, कुठल्या गाडीला टाकल्या, अडत्याकडून पट्टी आली का, भाव काय लागला, हे सगळं त्या वहीत. होडीवाल्यांच्या घरी अशीच दुसरी वही असते, तिच्यात डिझेल, बर्फ आणि लिलावाचा भाव. आता घरातली मुलं कॉलेजात पायथन शिकतायत. साहजिकच 'ही वही मोबाईलात करून देतो' असं एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणतेच. कल्पना चांगली आहे. पण पायथनमध्ये फाईल उघडताना एक अक्षर चुकलं तर अख्ख्या सीझनचा हिशोब एका क्षणात कोरा होतो, आणि तो परत आणायचं बटण नसतं. म्हणून शिकणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या भरवशावर वही बंद करणाऱ्या मोठ्यांनीही हे नीट समजून घेतलेलं बरं.

पायथन म्हणजे काय?

पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा आहे. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. नाव सापावरून आलंय असं पुष्कळांना वाटतं, पण ते 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून घेतलेलं आहे. भाषा फुकट आहे. लॅपटॉप नसला तरी अँड्रॉइड फोनवर 'पायड्रॉइड ३' सारख्या ॲपमध्ये ती चालते.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत दिल्या आहेत. 'ओपन', 'रीड', 'राईट', 'प्रिंट' हे शब्द प्रोग्रॅम लिहिताना इंग्रजी अक्षरांतच टाईप करायचे. पण आपण ठेवलेली नावं, म्हणजे 'ओळ', 'एकूण', 'पेट्या', ही पायथन ३ मध्ये थेट मराठीत लिहिली तरी चालतात.

टेक्स्ट फाईल म्हणजे साधी वही

टेक्स्ट फाईल म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे असलेली फाईल. रंग नाही, जाड अक्षर नाही, तक्ता नाही. नोटपॅडमध्ये जी तयार होते ती. वर्डमध्ये लिहिलेली फाईल दिसायला तशीच असली तरी आतून वेगळी असते, ती इथे चालत नाही.

समजा, एका बागायतदाराच्या फाईलमध्ये अशा ओळी आहेत :

१,१०-०४,२५,२२००
२,१२-०४,४०,२०००
३,१५-०४,३०,बाकी

पहिला नोंदीचा क्रमांक, मग तारीख, मग पेट्या, शेवटी पेटीमागे मिळालेला भाव. तिसऱ्या ओळीत भावाच्या जागी 'बाकी' आहे, कारण माल वाशीला गेला पण पट्टी अजून यायची आहे. कोकणातल्या हिशोबाची खरी अडचण हीच असते. माल आज जातो आणि भाव नंतर कळतो. म्हणजे फाईल नुसती लिहून भागत नाही, मागाहून बदलावीही लागते.

सातबारा डोळ्यांसमोर ठेवा

फाईल उघडायचे मुख्य प्रकार तीन. ते समजायला तलाठी कार्यालयातलं दफ्तर आठवावं.

सातबाऱ्याचा उतारा आपण काढतो तेव्हा फक्त वाचतो. त्यात आपल्याला काही लिहिता येत नाही. वारस नोंद किंवा खरेदीखत झालं की त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. तिथे नवी नोंद जुन्या नोंदींच्या खाली, नवा क्रमांक घेऊन बसते. जुनं पान फाडलं जात नाही. हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर बदल दिसतो. कमी झालेलं नावसुद्धा पुसून टाकत नाहीत. कंस करतात किंवा आडवी रेघ मारतात, म्हणजे आधी काय होतं ते वाचता येतं.

पायथनमध्येही तसंच :

'आर' : फक्त वाचणे. उताऱ्यासारखं. फाईलला धक्का लागत नाही.

'ए' : शेवटी भर टाकणे. फेरफार नोंदवहीसारखं. जुनं जसंच्या तसं राहतं, नवं खाली बसतं.

'डब्ल्यू' : नव्याने लिहिणे. हे दफ्तरात कुठेच बसत नाही. जुनी वही चुलीत घालून त्याच नावाची कोरी वही आणण्यासारखं आहे.

'डब्ल्यू' बाबत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नवं काही लिहिल्यावर जुनं पुसलं जातं असं नाही. फाईल 'डब्ल्यू' ने नुसती उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते. पुढच्या ओळीत प्रोग्रॅम चुकून बंद पडला, एक अक्षरही लिहिलं गेलं नाही, तरी आधीचं गेलेलं असतं. ते कचरापेटीतही सापडत नाही.

याशिवाय 'एक्स' हा चौथा प्रकार आहे. त्या नावाची फाईल आधीच असेल तर तो काम करायला नकार देतो. सीझनच्या सुरुवातीला नवी फाईल काढताना 'डब्ल्यू' ऐवजी 'एक्स' वापरला तर गेल्या वर्षीची फाईल चुकून पुसली जाण्याचा धोका टळतो.

वाचायचं कसं?

विथ ओपन("पेट्या.टीएक्सटी", "आर", एनकोडिंग="यूटीएफ-८") ॲज फाईल:
    फॉर ओळ इन फाईल:
        प्रिंट(ओळ)

पहिली ओळ सांगते की 'पेट्या' नावाची फाईल वाचण्यासाठी उघड. दुसरी सांगते, एकेक ओळ हातात घे. तिसरी ती पडद्यावर दाखवते. खालच्या ओळी आत सरकवून लिहिल्यात, त्या शोभेसाठी नाहीत. कुठलं काम कोणाच्या पोटात येतं हे पायथन त्या मोकळ्या जागेवरून ओळखतो.

'विथ' चं काम महत्त्वाचं आहे. काम संपलं की फाईल आपोआप बंद करायची जबाबदारी तो घेतो. लिहिताना याला फार किंमत आहे. पायथन प्रत्येक अक्षर लगेच फाईलमध्ये टाकत नाही. थोडं साठवून मग एकदम टाकतो. फाईल बंदच केली नाही आणि मधेच लाईट गेली किंवा फोनची बॅटरी संपली, तर 'लिहिलं' असं वाटलेलं फाईलपर्यंत पोचलेलं नसतं.

'यूटीएफ-८' हे शब्द मराठीसाठी आहेत. संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात ठेवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याची जगभर मान्य असलेली यादी म्हणजे युनिकोड आणि ती साठवायची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. हे लिहिलं नाही तर विंडोजच्या अनेक संगणकांवर पायथन इंग्रजीच्या जुन्या पद्धतीने फाईल उघडतो. मग 'बाकी' च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, नाहीतर प्रोग्रॅमच अडतो. लिहिताना आणि वाचताना, दोन्ही वेळा हे लिहायचं.

फाईल सापडली नाही तर 'फाईल नॉट फाऊंड एरर' असा संदेश येतो. बहुतेक वेळा फाईल गेलेली नसते. ती एका फोल्डरमध्ये आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात असतो. घाबरून त्याच नावाची नवी फाईल काढू नये, आधी जागा तपासावी.

२५ आणि ४० मिळून २५४० कसे होतात?

फाईलमधून येणारी प्रत्येक गोष्ट पायथनच्या लेखी अक्षरं असतात, आकडेसुद्धा. '२५' आणि '४०' ही अक्षरं जोडली तर उत्तर ६५ येत नाही, '२५४०' येतं. त्यात ३० जोडले की २५४०३०. म्हणजे ९५ पेट्यांच्या जागी अडीच लाखांवर पेट्या! एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. लहान आकड्यांत ती लपून जाते.

म्हणून तीन कामं क्रमाने करायची.

पहिलं, 'स्ट्रिप'. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते, 'इथे ओळ संपली' अशी. प्रिंट केल्यावर दोन ओळींत रिकामी जागा दिसते ती तिच्यामुळे. स्ट्रिप ती खूण आणि दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून टाकतो.

दुसरं, 'स्प्लिट'. स्वल्पविराम दिसेल तिथे ओळीचे तुकडे करतो. आपल्या ओळीचे चार तुकडे पडतात. पायथन मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, म्हणून क्रमांक हा शून्यावा तुकडा, तारीख पहिला, पेट्या दुसरा आणि भाव तिसरा. याच कारणाने फाईलमध्ये भाव '२,२००' असा लिहू नये. मधल्या स्वल्पविरामामुळे पाच तुकडे पडतात आणि दोन हजार दोनशेचा भाव दोन रुपये होऊन बसतो.

तिसरं, 'इंट'. अक्षरांचा खरा आकडा करतो. इथे मराठी माणसाला आनंद वाटावा अशी एक सोय आहे. फाईलमध्ये २५ मराठी आकड्यांत लिहिलेले असले तरी इंटला ते कळतात आणि बेरीज बरोबर येते. उत्तर मात्र तो इंग्रजी आकड्यांत देतो. पण 'बाकी' हा शब्द इंटला दिला तर तो 'व्हॅल्यू एरर' म्हणून थांबतो. म्हणून आधी विचारायचं :

    तुकडे = ओळ.स्ट्रिप().स्प्लिट(",")
    इफ तुकडे[३] == "बाकी":
        कंटिन्यू
    एकूण = एकूण + इंट(तुकडे[२]) * इंट(तुकडे[३])

या ओळी वाचण्याच्या फॉरच्या पोटात येतात. त्याआधी, फॉरच्या वर, 'एकूण = ०' लिहायचं. भाव बाकी असेल तर 'कंटिन्यू', म्हणजे ती ओळ सोडून पुढच्या ओळीवर जा. नाहीतर पेट्या गुणिले भाव करून एकूणमध्ये मिळव. (चौकटी कंसातले आणि शून्याचे आकडे प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच लागतात.) वरच्या उदाहरणात पहिल्या नोंदीचे ५५ हजार आणि दुसरीचे ८० हजार, मिळून १ लाख ३५ हजार रुपये आले पाहिजेत. प्रोग्रॅमचं उत्तर पहिल्या वेळी हाताने केलेल्या हिशोबाशी ताडून बघावं.

नवी नोंद टाकायची कशी?

विथ ओपन("पेट्या.टीएक्सटी", "ए", एनकोडिंग="यूटीएफ-८") ॲज फाईल:
    फाईल.राईट("४,१८-०४,२०,बाकी\एन")

शेवटची उलटी तिरकी रेघ आणि 'एन' हीच ती ओळ संपल्याची खूण. प्रिंट स्वतःहून नवी ओळ घेतो, पण राईट घेत नाही. खूण विसरली तर पुढची नोंद याच ओळीला चिकटते आणि 'बाकी५' असं काहीतरी तयार होतं. ओळी तोडताना मग सगळं बिघडतं. नोटपॅडमध्ये हाताने लिहिलेल्या फाईलमध्येही शेवटच्या ओळीनंतर एकदा एंटर मारलेलं असावं.

पट्टी आली, आता 'बाकी' बदलायची कशी?

नवशिके इथेच अडकतात. वाटतं, तिसऱ्या ओळीवर जायचं, 'बाकी' खोडायचं आणि १८०० लिहायचं. टेक्स्ट फाईलमध्ये असं होत नाही. फाईलच्या आत ओळी एकाखाली एक नसतात, एकाच लांब पट्टीवर सगळी अक्षरं ओळीने बसलेली असतात. मधला शब्द काढून लांब शब्द घातला तर पुढची अक्षरं सरकून जागा देत नाहीत, नवा शब्द त्यांच्यावर चढतो. आखूड घातला तर जुन्या शब्दाची शेपटी उरते. ९८० चा भाव ११०० करायला गेलं तर जास्तीचा एक आकडा ओळ संपल्याच्या खुणेवर बसेल आणि दोन नोंदी एक होतील.

म्हणून बदल करायची खात्रीची पद्धत अशी :

१. जुनी फाईल 'आर' ने वाचून सगळ्या ओळी प्रोग्रॅममध्ये घ्याव्यात. 'रीडलाईन्स' ही आज्ञा ते एकदम करते.

२. हवी ती नोंद शोधून तेवढाच तुकडा बदलावा.

३. बदललेल्या आणि न बदललेल्या, सगळ्या ओळी दुसऱ्या नावाच्या फाईलमध्ये, उदाहरणार्थ 'पेट्या-नवी', लिहाव्यात. इथे 'डब्ल्यू' चालेल, कारण ही वेगळी फाईल आहे.

४. जुन्या आणि नव्या फाईलमधल्या ओळी मोजाव्यात. नुसता भाव बदललाय, मग ओळींची संख्या तीच राहायला हवी.

५. संख्या जुळली तरच जुन्या फाईलचं नाव 'पेट्या-जुनी' करावं आणि नवीला 'पेट्या' हे नाव द्यावं. त्यासाठी 'ओएस' या भागातली 'रिप्लेस' ही आज्ञा आहे.

काम मधेच बंद पडलं तरी एक पूर्ण फाईल कायम हातात राहते. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबारा बदलत नाही, तसंच हे.

नोंद शोधतानाही सांभाळावं. तारखेवरून शोधू नये, एकाच दिवशी दोन गाड्यांना माल गेलेला असू शकतो. क्रमांकावरून शोधावं आणि अख्खा तुकडा जुळवावा. 'ओळ १ ने सुरू होते का' असं विचारलं तर १ बरोबर ११, १२ आणि १९ सुद्धा हाती लागतात आणि एका पट्टीचा भाव सगळ्यांना चिकटतो. शिवाय मराठी '१' आणि इंग्रजी एक ही अक्षरं म्हणून पायथनला वेगवेगळी वाटतात. दोन्हीकडे इंट लावून जुळवलं की तीच किंमत ठरते. किंवा फाईलभर आकडे एकाच पद्धतीने लिहायचे, हे सर्वांत सोपं.

वरच्या उदाहरणात तिसऱ्या नोंदीला १८०० भाव घातला की तिचे ५४ हजार मिळून एकूण १ लाख ८९ हजार होतील.

प्रत एकाच घरात ठेवू नका

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड तालुक्यांत बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, विजेचे खांब पडले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी कागदाची वही भिजते, तसा फोनही भिजतो. हिशोबाच्या फाईलची एक प्रत स्वतःच्या ईमेलवर किंवा गुगल ड्राईव्हवर आणि एक गावाबाहेरच्या, मुंबईतल्या घरच्या माणसाकडे असावी. टेक्स्ट फाईल इतकी लहान असते की अख्ख्या सीझनचा हिशोब एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतो. आठवड्याला एक प्रत पाठवली तरी डेटाचा खर्च नगण्य.

दुसरी खबरदारी अशी की ही फाईल कुलूप नसलेली वही आहे. फोन ज्याच्या हातात, त्याला ती वाचता येते. त्यात बँकेचा पिन, ओटीपी, गड्यांचे आधार क्रमांक लिहू नयेत.

सुरू करण्याआधी हे करा

- पहिले पंधरा दिवस कागदी वही आणि फाईल दोन्ही चालू ठेवा. रोज रात्री बेरीज जुळवा.
- शिकताना खऱ्या फाईलवर हात मारू नका. तिची नक्कल काढून तिच्यावर प्रयोग करा.
- प्रोग्रॅम मित्राने दिला असो, इंटरनेटवरून घेतलेला असो की एआयने लिहिलेला असो, चालवण्याआधी त्यात 'ओपन' हा शब्द जिथे जिथे आहे तिथे पुढचं अक्षर बघा. 'डब्ल्यू' दिसला तर कुठल्या फाईलसाठी आहे ते विचारा.
- फाईलच्या नावात वर्ष घाला, 'पेट्या-२०२५' असं. दोन सीझन एकमेकांत मिसळणार नाहीत.

ही पद्धत आंब्यापुरती नाही. बचत गटाचे हप्ते, शिमग्याची वर्गणी, वाडीतल्या नळपाणी योजनेची पट्टी, होडीचा डिझेल-बर्फाचा खर्च, जिथे रोज एक ओळ वाढते आणि मागची एखादी ओळ कधीतरी बदलावी लागते, तिथे ती चालते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि आंब्याचं कामही तोवर उरकलेलं असतं. शिकून घ्यायला आणि जुन्या वहीतल्या नोंदी फाईलमध्ये चढवायला ते दोन महिने सोयीचे आहेत.